आज्याला कोपरा

साखरपुड्याच्या हॉलवरून घरी आल्या आल्या जयदेवने चपला काढल्या नाहीत, फेटा काढला नाही, पाणीही मागितलं नाही. तो सरळ ओट्याच्या खोलीकडे गेला, कडी ओढली आणि तिला कुलूप ठोकलं. किल्ली सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली. मग खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आथा पानी आना."

ओट्याची खोली म्हणजे संजीवनीची शाळा. थोरल्या सुनेच्या शाळेला सासऱ्याने कुलूप लावलं, तेही धाकट्या मुलाच्या साखरपुड्याच्या दिवशी, पाहुण्यांच्या गाड्या अजून शिरगावातून बाहेर पडल्या नसताना. यावर घरात कुणी एक शब्द बोलावा की नाही? छे! तुळशीने नवऱ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. थोरला कल्पेश, म्हणजे संजीवनीचा नवरा, सोफ्याच्या टोकावर बसून बाटलीचं लेबल सोलत होता. धाकटा प्रीतम, ज्याच्या बोटात आज अंगठी पडली तो, फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत होता, कारण पलीकडे त्याची होणारी बायको रडत होती.

सगळा घोळ एका गाण्याचा होता, आणि तोही बालवाडीच्या गाण्याचा.

त्या शाळेबद्दल आळीत आधीपासून कुजबुज होतीच. संजीवनी अंबरनाथची, माहेर मूळचं साताऱ्याकडचं. आगरी घरात सून म्हणून आली आणि भाताची पोती ठेवायच्या खोलीत तिने पोरं जमवली. फळा नाही, पाटी नाही, नुसती गाणी. चप्पल उलटी घातली तर गाणं, दुसऱ्याचं खेळणं हवंय तर गाणं, रडू आलं तर त्याचं वेगळं गाणं. लोक आधी हसले, मग आपलीच पोरं तिकडे पाठवायला लागले, आणि मग बिचकले. कारण ही बाई सकाळी पोरांना गोल बसवून विचारायची, "काल घरी काय काय झालं?" आणि दुपारपर्यंत त्याचं गाणं व्हायचं. कोपऱ्यावरच्या घरात सासू-सुनेच्या भांडणात मिक्सर फुटला, तर दुसऱ्या दिवशी सगळी आळी 'मिक्सर फुटला, आवाज सुटला, कानांवर हात, पोटात श्वास' म्हणत फिरत होती. पोरांना मजा, पण त्या सासूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तेव्हापासून बायका म्हणायच्या, ही पोरांच्या तोंडून घरातलं काढून घेते.

उन्नती तर हे उघड म्हणायची. कल्पेशच्या पाठची ही बहीण उल्हासनगरला दिली होती. नवऱ्याचं फर्निचरचं दुकान, शेजारी सगळे सिंधी व्यापारी, त्यामुळे तिची नजर कायम गिऱ्हाईक पारखायची. कोण नुसतं बघायला आलंय आणि कोण घेणार, हे तिला दारातच कळायचं. वहिनी मात्र तिला इतक्या वर्षांत कळली नव्हती. जी बाई कधी आवाज चढवत नाही, तिच्या पोटात काहीतरी असणारच, असा तिचा पक्का हिशेब होता.

आज सकाळीही सगळ्यांना ओळीत उभं करून उन्नतीनेच दम दिला होता. "नवरीकडची चामटोलीची माणसं येतायत. आज गारी-बिरी, घोरा-बिरा काही चालणार नाही. गाडी, घोडा. आई, तुझं 'कनाला' तर अजिबात नको, 'कशाला' म्हणायचं. आण्णा, तुम्हीसुद्धा." आणि जयदेवने, आश्चर्य म्हणजे, ऐकलं होतं. हॉलमध्ये तो दिवसभर इतका जपून बोलला की व्याह्यांना वाटलं, माणसाचा घसा बसलाय.

अंगठ्या घातल्या, पेढे झाले, आणि डीजेवाल्याला हुक्की आली. "चलो, अब बच्चा पार्टी!" म्हणून त्याने माईक खाली दिला. कल्पेशची मुलगी जिज्ञासा, म्हणजे घरची जिजू, एरवी पाहुणे दिसले की आईच्या पदराआड जाणारी पोर. ती सरळ पुढे गेली आणि माईक धरला. पहिल्या ओळीला माईक असा काही किंचाळला की लोकांनी कान झाकले. मग आवाज स्वच्छ झाला आणि साऱ्या हॉलने ऐकलं:

*एक घरी आईला, एक घरी बाबाला,*
*आज्याला कोपरा, आजीला काठ,*
*उरला भाग खिशात, फिरवली पाठ!*

पोरीने खरोखरच पाठ फिरवली. टाळ्या पडल्या, पण त्या पाहुण्यांच्या. घरच्यांचे हात मांडीवरच राहिले. नवरीचा मामा महेंद्र पुढच्याच खुर्चीत होता. तो जयदेवच्या कानाशी वाकून म्हणाला, "शेठ, घराच्या वाटण्या झाल्या वाटतं. आमच्या पोरीच्या वाट्याला काय, गच्ची?"

हसत म्हणाला, पण उत्तर हवं म्हणूनच म्हणाला.

आता संजीवनी आतल्या खोलीत पोरीला झोपवून बाहेर आली. तिच्या अंगावर अजून सकाळचीच साडी होती. कुलूप तिला दिसलं होतं, पण कशासाठी ते ठाऊक नव्हतं. जिजू गायली तेव्हा ती हॉलच्या मागच्या खोलीत ओटीचं सामान लावत होती. लांबून पोरीचा आवाज ऐकू आला आणि तिचे डोळे भरून आले होते, एवढंच तिला आठवत होतं.

"वहिनी, बस जरा," उन्नती म्हणाली. "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना ताई."

"जिजूने म्हटलं ते गाणं तू शिकवलंस?"

संजीवनीचा चेहरा उजळला. "हो! मीच केलंय ते. छान म्हटलं ना? मला वाटलं होतं माईक बघून पळून येईल."

उन्नतीने आण्णांकडे बघितलं. गिऱ्हाईक स्वतःच पिशवी उघडून दाखवतंय म्हटल्यावर झडती कशाला घ्यायची? "म्हणजे मुद्दाम शिकवलंस?"

"मुद्दामच. रोज म्हणून घेते. आधी नुसतं तोंडाने, मग हाताने करून दाखवायचं."

"हाताने करून!" तुळशी दारातून म्हणाली.

"पन कनाला?" जयदेवने आता शुद्ध बोलणं सोडून दिलं होतं. "येवऱ्याशा पोरीला हे कनाला शिकवायचा?"

"आण्णा, घरात आवाज चढला की पोरांना काही सुचत नाही हो. मोठी माणसं भांडून मोकळी होतात. पोरांनी काय करायचं? आधीपासून सवय लावलेली बरी. मग वेळ आली की त्यांना जड जात नाही."

"वेल आली की," जयदेव म्हणाला. त्याने तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"एक आईला आणि एक बाबाला," उन्नती एकेक शब्द मोजून म्हणाली.

"हो."

"आणि आण्णांना कोपरा."

"कोपरा आजोबांनाच," संजीवनी हसली. "पोरांना तो भाग फार आवडतो. एकाने मला विचारलं, माझे आजोबा तर वारले, मग? मी म्हटलं, तरी कोपरा त्यांचाच."

जयदेवच्या कपाळाची शीर उडायला लागली. हयात असताना कोपरा, आणि मेल्यावरही कोपराच. शिरगावात त्याचं घर सगळ्यात आधी पक्कं झालं होतं. बापाने खाडीकाठच्या मिठागरात पाय कुजवले, त्याने स्वतः भात लावलं, मग जमिनीला भाव आला तेव्हा आजूबाजूच्यांनी पैसा उडवला आणि त्याने घर बांधलं. वर दोन मजले चढवले ते दोघा पोरांसाठीच ना? मग ही कोण त्याला कोपरा देणारी?

"आणि उरलं ते खिशात?" उन्नतीने विचारलं.

"खिशातच. मग पाठ फिरवायची आणि मागे बघायचं नाही. तेच तर महत्त्वाचं आहे, ताई."

आता राहिलं काय बोलायचं? उन्नती मागे टेकून बसली. दारात तुळशीने पदर तोंडाला लावला. तिला दोन महिन्यांपासून झोप नव्हती. गच्चीवर पापड वाळत घालायला गेली होती तेव्हा टाकीमागून कल्पेशचा आवाज आला होता, "ताबा कधी देणार ते बोला ना शेठ." तिने ते कुणालाच सांगितलं नाही. पोरगा एवढा धीट नाही, मागून सून बोलवतेय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आज ते खरं निघालं. पण मग सून हसतेय कशी? एवढं उघड पडल्यावर कुणी हसतं का? तुळशीला तिथेच कुठेतरी खटकलं.

आणि कल्पेश? त्याच्या हातातल्या बाटलीचं लेबल संपलं होतं. बायकोच्या एकेका उत्तराला तो बाटलीचं झाकण उघडत होता आणि परत लावत होता. हिला कळलंय, तो मनात म्हणत होता. सोनिवलीचं हिला कळलंय. कुणी सांगितलं? बिल्डरकडच्या पोराने? आणि बघा बाईची कमाल, मला तोंडाने एक शब्द विचारला नाही. पोरीला गाणं शिकवलं, भर हॉलमध्ये म्हणवलं आणि आता इथे बसून शांतपणे सगळं माझ्या अंगावर घालतेय. उरलं ते खिशात, म्हणे! माझाच खिसा की तो!

"सोमवारपासून शाला बंद," जयदेव म्हणाला. "पोरं दारातून परत जातील. ज्या खोलीत बसून माजा घर फोडायचा शिकवतंस, ती खोली तुला नाय. आणि जिजूला तू गाना शिकवायचा नाय. एक पन नाय."

संजीवनीचं हसू थांबलं. "घर फोडायचं? आण्णा, काय बोलताय तुम्ही? गाणं बंद केलं तर पोर परत हात चावायला लागेल. दिवाळीला तुम्ही ताट फेकलंत तेव्हा तिने मनगटाला रक्त येईपर्यंत चावून घेतलं होतं. विसरलात? त्या गाण्याने थांबलंय ते. बाकी काहीही बंद करा, पण—"

"बास झालं नाटक!" उन्नती उसळली. "सीधी बात कर ना वहिनी. वेगळं व्हायचंय तर तोंडाने बोल. पोरीच्या तोंडून कशाला?"

"वेगळं?"

"तिला नका बोलू!" कल्पेश उठून उभाच राहिला. बाटली गडगडत सोफ्याखाली गेली. "हां, घेतलाय फ्लॅट. सोनिवलीला. मी घेतलाय. मी सांगणारच होतो, प्रीतमचं लग्न झालं की. संजू, तुला कळलं होतं तर मला विचारायचं ना! असं पोरीला पुढे करून..."

अंगणात प्रीतम फोनवर म्हणत होता, "अगं नाही गं, गच्चीवर कशाला राहू आपण?"

"कुठला फ्लॅट?" संजीवनीने विचारलं.

तो प्रश्न खरा होता, हे सगळ्यात आधी उन्नतीला कळलं. दुकानात इतकी तोंडं बघितलेली बाई ती. हे तोंड माहीत असलेल्या माणसाचं नव्हतं. तिने वहिनीकडे बघितलं, मग भावाकडे, आणि तिचा सगळा हिशेब उलटा फिरला.

"दादा, तू वहिनीला पण नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो म्हटलं ना!"

"कदी?" जयदेव गरजला. खुर्ची मागे सरकून भिंतीला आदळली. "मना कोपऱ्यात टाकून झाल्यावर? याच्यासाठी मजले चरवले मी? याच्यासाठी?"

"तुमच्या ह्या आवाजासाठीच घेतलाय!" कल्पेशही ओरडला. "हा आवाज! हाच! पोर हात चावते त्याने!"

आतल्या खोलीचं दार वाजलं. जिजू उंबऱ्यात उभी होती, झोपेतून उठलेली, गालावर उशीची खूण. सवयीने तिचं मनगट ओठांपर्यंत गेलं होतं. संजीवनी जागची हलली नाही. ती नुसती पोरीच्या हाताकडे बघत होती, जीव मुठीत धरून.

मनगट खाली आलं. जिजू चालत आजोबापाशी गेली. घाम पुसायला जयदेवने रुमाल हातात धरला होता, तो तिने ओढून घेतला, फरशीवर पसरला, फतकल मारून बसली आणि झोपाळू आवाजात सुरू झाली:

*रुमाल माझा मोठा मोठा, राग त्याहून मोठा...*

ही ओळ हॉलमध्ये माईकने खाल्ली होती.

*एक घरी आईला,* तिने रुमाल अर्धा दुमडला. *एक घरी बाबाला,* पुन्हा दुमडला. *आज्याला कोपरा,* कोपऱ्यावर कोपरा आणून बोटाने दाबला. *आजीला काठ,* काठावरून हात फिरवला. *उरला राग खिशात,* आणि ती चौकोनी घडी फ्रॉकच्या खिशात कोंबून तिने पाठ फिरवली.

"घडी," उन्नती म्हणाली. मग मोठ्याने, "अगं बाई, घडी! घडी म्हणतेय ती! रागाची घडी! भाग नाही, राग!"

"घरीच तं बोलतंय ती," जयदेव म्हणाला. जन्मभर तो धोतराची घरी, चादरीची घरी म्हणत आला होता, त्याच्या आईच्या तोंडीही तीच होती, आणि तुळशीच्या मांडीवर वाढलेल्या नातीने तीच उचलली होती. "मंग हॉलमदी मना कसा नाय समजला?"

"हॉलमदी आपन शुद्द झालेलो ना," तुळशी म्हणाली.

यावर उन्नतीला हसू फुटलं. कल्पेशही कसनुसा हसला. जयदेवच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्या घरात हसण्यावर नेलं की सगळं मिटलं असं धरायची रीतच होती, आणि आजही तसंच झालं असतं. पण संजीवनी हसली नाही.

"म्हणजे इतका वेळ तुम्ही मला घर फोडणारी समजत होतात," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "ताई, तुम्ही माझी उलटतपासणी घेतलीत आणि मी वेड्यासारखी हसून उत्तरं देत होते. आण्णा, तुम्ही न विचारता कुलूप लावलंत. आणि तुम्ही," ती कल्पेशकडे वळली, "घर घेतलंत आणि मला सांगितलं नाहीत. वर मीच डाव टाकला म्हणता? मी? आई, तुम्हाला हे माहीत होतं ना? तुमच्या तोंडावर दिसतंय."

तुळशीने मान खाली घातली. "फ्लॅटचा म्हाईत होता," ती म्हणाली. "तुला म्हाईत नाय, हे नव्हता म्हाईत. चुकला माजा, बाय."

सासूने सुनेला 'चुकलं' म्हणणं त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण आज तेवढ्याने भागणार नव्हतं. संजीवनी हातातल्या बांगड्या करकचून वर सारत होती आणि परत खाली ओढत होती. इतरांच्या पोरांना राग आवरायला शिकवणारी बाई ती, आणि तिचा स्वतःचा राग आज सगळ्यांसमोर येऊन उभा राहिला होता.

जिजूने खिशातून रुमाल काढला, झटकून उघडला आणि आईपुढे धरला. "आई, तुला आलाय. घे."

काय करते बिचारी? पोरीसमोर नाही म्हणता येईना. संजीवनी खाली बसली. गाणं जिजूनेच म्हटलं. ती फक्त घड्या घालत गेली, एकेक घडी नखाने दाबून, इस्त्री केल्यासारखी. शेवटी तिच्या तळहातावर घट्ट चौकोन उरला.

"खिशात," जिजू म्हणाली. मग तिने आईच्या साडीकडे वरून खाली बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "आई, साडीला खिसा नाय."

संजीवनीच्या डोळ्यांतलं पाणी तेव्हा गालावर आलं.

"आन इकरं," जयदेव म्हणाला. त्याने हात पुढे केला. "माज्या खिशात ऱ्हाईल."

त्याने सुनेच्या हातातून रुमाल घेतला आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात घालायला गेला. तो जाईना. खिशात किल्ली आडवी बसली होती. त्याने दोनदा दाबून बघितलं. मग किल्ली बाहेर काढली, क्षणभर तिच्याकडे बघितलं, आणि सुनेच्या रिकाम्या झालेल्या तळहातावर ठेवली. रुमाल आत गेला. वरून त्याने हाताने थापटला.

"सोमवारी पोरं येतील ना?" त्याने विचारलं. विचारताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

"येतील."

संजीवनी उठली. कल्पेश दोन पावलं पुढे आला. "संजू, ऐक ना, पोरीसाठीच मी..."

"जिजू," संजीवनी म्हणाली, "चल, कुलूप काढू. गाण्यात थोडा बदल करायचाय."

"कंचा बदल?"

"एक घडी आईला, एक घडी आज्याला."

पोर विचारात पडली. "मग बाबाला?"

"बाबाला कोपरा."

उन्नतीने भावाकडे बघितलं. तो सोफ्याच्या मगाचच्याच टोकावर जाऊन बसला, आणि ओट्यावर कुलूप उघडल्याचा आवाज आला.